दाजी आणि बंद खोकी

हे लिहावं की न लिहावं यात माझे तीन आठवडे गेले. शेवटी भाचीलाच विचारलं. ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी लेबलं लिहिताना कोणाला विचारलं नव्हतंत. मग आता कशाला विचारता?" तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून लिहितो. माझ्या हातून वाक्यं वाकडी गेली तर चालतील, पण दाजींविषयी काही उणंअधिक जायला नको. त्यांना उणा माल गेलेला खपत नाही. अधिक गेलेला तर मुळीच खपत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एक्केचाळीस वर्षं त्यांचं नट-बोल्टचं दुकान आहे. दुकान रुंदीला बेताचं आणि लांबीला भरपूर. उजव्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. खिळ्याच्या खणावर खिळा, बिजागरीच्या खणावर बिजागरी. गिऱ्हाईकाला वाचता येवो न येवो, आत काय आहे ते समोर दिसलं पाहिजे, असा दाजींचा नियम.

दुसरा नियम याहून कडक. कोणी बोल्ट मागितला की दाजी त्याच्यावर नट चढवतात, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवतात, परत उतरवतात, आणि मग "माल चांगला आहे" असं म्हणून दोन्ही कागदात बांधून देतात. पन्नास मागितले तर पन्नास वेळा. घाईतलं गिऱ्हाईक म्हणतं, "असू द्या हो, विश्वास आहे माझा." दाजी मान वर न करता म्हणतात, "तुमचा असेल. माझा नटावर नाही."

मी शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं दाखले लिहिले. निवृत्त झाल्यापासून दाजींच्या दुकानात तराजूशेजारच्या स्टुलावर बसतो. तिथे माझं काम म्हणजे अधूनमधून "हो ना" म्हणणं. ते मला जमतं.

तर या दुकानात गेल्या वर्षी दाजींची मुलगी, म्हणजे माझी भाची, एक मोठा खोका घेऊन आली. दुसऱ्या गावी विम्याच्या कचेरीत तिची चांगली नोकरी होती. ती सोडून आली होती. डावी भिंत रिकामी होती. तिथे फळ्या ठोकून आपलं स्वतःचं दुकान मांडायचं, असं तिच्या मनात होतं. तिने खोक्यातून वहीएवढं एक खोकं काढून दाजींपुढे ठेवलं. वर ड्रॅगनचं चित्र, तोंडातून जाळ, आणि सगळ्यावर घट्ट पातळ प्लास्टिक.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"फिगर आहेत बाबा, खेळातल्या. बोटाएवढ्या. जादूगार, योद्धे, राक्षस, ड्रॅगन. टेबलावर नकाशा मांडायचा, फासे टाकायचे आणि यांना लढवायचं. रंगवलेल्या असतात. लोक जमवतात."

"म्हणजे बाहुल्या."

"बाहुल्या नका म्हणू."

"बरं. या खोक्यात कोणती बाहुली आहे?"

"एका खोक्यात पाच असतात. चार साध्या आणि एक दुर्मिळ."

"कोणत्या पाच?"

"ते माहीत नसतं."

"गिऱ्हाईकाला?"

"कोणालाच. मलाही नाही."

दाजींनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की पुढचं दिसायची त्यांची इच्छा नाही असं समजावं. "म्हणजे गिऱ्हाईक विचारणार, आत काय आहे? आणि दुकानदार म्हणणार, देव जाणे!"

"हो. त्यातच तर मजा आहे."

"ऐकलंत का कारकून? त्यातच मजा आहे म्हणे."

मी "हो ना" म्हटलं. ते कोणाच्या बाजूने म्हटलं, हे मलाच नीट कळलं नाही.

तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. ताई आली की दुकानातला कारभार पाच मिनिटांत निकाली निघतो. ती म्हणाली, "अहो, भिंत रिकामी आहे, पोरगी घरी आलीय, आणखी काय पाहिजे?"

दाजींनी चष्मा परत लावला. "सहा महिने देतो. या दुकानातून जो माल बाहेर जातो, त्यावर मी 'माल चांगला आहे' म्हणतो. सहा महिन्यांनी तुझ्या मालावर मला तसं म्हणता आलं, तर ती भिंत कायमची तुझी. नाही म्हणता आलं, तर फळ्या उतरवायच्या आणि तू आपल्या कचेरीत परत जायचं."

"कबूल," भाची म्हणाली. "पण मनापासून म्हणायचं. आईने डोळे वटारले म्हणून नाही."

"मी?" दाजी खरोखरच दुखावले. "मी खोटं म्हणेन?"

अशी ती बोली झाली. सहा शब्दसुद्धा नाहीत, तीनच. माल चांगला आहे. त्या तीन शब्दांवर पोरीचं दुकान टांगलेलं.

फळ्या लागल्या, खोकी लागली, आणि दुकानाला दोन प्रकारची गिऱ्हाइकं येऊ लागली. उजवीकडची गिऱ्हाइकं माल उलटूनपालटून बघायची आणि तोंड गंभीर ठेवायची. डावीकडच्यांना काहीच बघायला मिळत नसे आणि तरी त्यांचे डोळे लकाकत.

डावीकडचे मानकरी होते दंतवैद्य. दवाखाना समोरच्याच गल्लीत. दोन पेशंटांच्या मध्ये पांढऱ्या कोटातच यायचे, एक खोकं उचलायचे, कानाशी नेऊन डोळे मिटून हळूच हलवायचे. दाताच्या डॉक्टरला छाती तपासायची हौस राहून गेलेली असावी. दुसरे, मोटार शिकवणारे मास्तर. त्यांचा भर वजनावर. ड्रॅगन जड असतो हे त्यांनी ताडलं होतं. एकदा मी "हो ना" म्हणत असताना त्यांनी दाजींच्या तराजूवर सात खोकी तोलून घेतली. भाचीने पाहिलं आणि माझ्याकडून पाटी लिहून घेतली: 'खोकी हलवू नयेत. कानाला लावू नयेत. तोलू नयेत.' खाली दंतवैद्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'मनात कुढू नये.'

तिसऱ्या शिंपीणबाई. कोपऱ्यावर शिवणाचं दुकान. त्या कधी खोकं हलवत नसत, तोलत नसत. डोळे झाकून हात घालायच्या, जे येईल ते घ्यायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. सहा महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

दाजी उजवीकडे बसून हे सगळं बघत. त्यांना खरा घोर लागला तो एका मंगळवारी. दंतवैद्यांनी खोकं तिथेच फोडलं. आत पाच फिगर, त्यांत एक हिरवा बुटका, हातात सोटा, चेहरा दुखऱ्या दाढेसारखा. दंतवैद्य म्हणाले, "अकरावा." एवढंच. मग अकरावा बुटका कोटाच्या खिशात टाकून मान खाली घालून चालू लागले.

दाजी उठले. साठीच्या पुढचा माणूस, पण गल्लीच्या टोकाला त्यांना गाठलं. "डॉक्टर, द्या तो इकडे, बदलून देतो."

मागून भाची धावली. "बाबा, बदलून नाही देत! आत जे निघेल ते."

"अगं, गिऱ्हाईक तोंड पाडून चाललंय!"

"मी तोंड पाडलेलं नाही," दंतवैद्य म्हणाले. "माझं तोंडच असं आहे. उद्या येतो."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच आले. पण दाजींच्या मनातून ते जाईना. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या पायरीवरून कोणी असं उतरलं नव्हतं. रात्री जेवताना ताईला म्हणाले म्हणे, "अकरा बुटके! एकाच माणसाला! आणि मी तिथे बसलेला!"

सहा महिने सोमवारी संपणार होते. त्याच्या आधीच्या शनिवारी भाचीने दुकानात खेळ ठेवला. बारा खेळाडू, प्रत्येकाला दोन बंद खोकी. सगळ्यांनी एकदम फोडायची आणि जे निघेल त्याच फौजेनिशी लढायचं. म्हणून सगळी खोकी एका मोठ्या खोक्यातलीच हवीत, सीलबंद, चोवीस. अशा एका मोठ्या खोक्यात मोठा ड्रॅगन एकच असतो. तो कोणाला मिळतो, यावर गावातले बारा जाणते लोक आठ दिवस झोपले नव्हते.

शुक्रवारी सकाळी भाची टेबलं-खुर्च्या ठरवायला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्या बाजूला लक्ष द्या."

तेच चुकलं. दाजींनी लक्ष दिलं.

तासभर ते चोवीस खोक्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "कारकून, सोमवारी मला तोंड उघडायचंय."

"हो ना."

"पोरगी आशेने माझ्याकडे बघणार. मला म्हणायचंय हो, माल चांगला आहे म्हणून. फार म्हणायचंय. पण न बघता कसं म्हणू? माझ्या जिभेला ते वळणच नाही."

मला दाजींची दया आली. मी आयुष्यात पहिल्यांदाच "हो ना"च्या पुढे गेलो. म्हणालो, "मग बघा."

हे मी म्हणालो. हे लिहून ठेवतो, कारण दाजींनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही की ते मी म्हणालो.

दाजींनी चाकूच्या टोकाने पहिल्या खोक्याचं प्लास्टिक सोडवलं. फाडलं नाही. घडी घालून खणात ठेवलं, परत लागलं तर असू दे म्हणून. मग झाकणाचा गोंद ओल्या फडक्याने सोडवला आणि पाचही फिगर तराजूच्या पितळी पारड्यात ओळीने उभ्या केल्या. भिंगातून प्रत्येकीची तपासणी झाली. एका जादूगाराची काठी वाकलेली. दाजींनी चहाची किटली ठेवली, गरम पाण्यात काठी धरली, बोटाने सरळ केली, गार पाण्यात बुडवली. काठी खिळ्यासारखी सरळ. "बघा," दाजी म्हणाले, "अशी वाकडी काठी घेऊन हा लढायला निघाला असता."

मग मला म्हणाले, "लिहा."

आत काय आहे ते गिऱ्हाईकाला कळलंच पाहिजे, तर लेबल हवं. वरचं चित्र झाकायला नको म्हणून ते तळाला चिकटवायचं ठरलं. मी पेनात शाई भरली. फार दिवसांनी मला कोणी लिहायला सांगत होतं. मी मन लावून लिहिलं, आणि हात गेला तो चौतीस वर्षांच्या वळणावरच गेला:

'जादूगार, १, वयस्क, काठीसह. बुटका, हिरवा, २, एकसारखे. सांगाडा, १, ढाल नाही. पंखवाला राक्षस, १. ओळखीची खूण: डाव्या पंखावर रंगाचा ठिपका. वर्तणूक चांगली.'

दाजींनी वाचलं. "राक्षसाची वर्तणूक चांगली?"

"सवयीने गेलं. खोडू का?"

दाजींनी राक्षसाकडे नीट बघितलं. "राहू द्या. आपल्याला तरी काय त्रास दिलाय त्याने?"

सोळाव्या खोक्यात ड्रॅगन निघाला. लाल, मुठीएवढा, पंख पसरलेले. दाजींनी त्याच्या पंखाखालून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "काम छान आहे हो." मग तो जिथला तिथे ठेवला. एकही बाहुली एका खोक्यातली दुसऱ्यात गेली नाही. तेवढं आम्ही पाळलं.

विसाव्या खोक्यात चारच निघाल्या. दाजींनी खोकं उलटं केलं, आपटलं, भिंग लावलं. चारच. कारखान्यातून एक कमी आलेली. दाजींचा चेहरा लाल झाला. "पाच सांगून चार! आणि हे बंद करून विकायचं!" पाचवी आणणार कुठून? ते उठले, खणांच्या भिंतीशी गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कानांचा एक नट होता. पाना न लावता हातानेच आवळतात, तो. पितळी. त्यांनी तो बोल्टवर चढवून फिरवून बघितला, उतरवला, पुसला आणि सांगाड्याशेजारी ठेवला. "कमी माल जायला नको," म्हणाले. मी लेबलावर लिहिलं: 'नट, दोन कानांचा, पितळी, १. वर्तणूक चांगली.'

दुपारी चारपर्यंत चोवीस खोकी चिकटवून, लेबलं लावून, रांगेत उभी होती. दाजी इतके खूश होते की त्यांनी मला दुसरा चहा दिला.

भाची साडेचारला आली. टेबलं मिळाली होती, चेहरा फुललेला होता. एक खोकं तिने उचललं. बोटांना प्लास्टिक लागलं नाही, म्हणून तिने ते उलटं केलं. वाचलं. दुसरं उलटं केलं. तिसरं. मग खाली बसली, तीही माझ्या स्टुलावर.

"बाबा, तुम्ही ही फोडलीत?"

"फोडली कुठे? सोडवली. प्लास्टिक ठेवलंय खणात, घडी घालून."

"सगळी?"

"एकेक तपासलं. तीन काठ्या सरळ केल्या, एक भाला. आता गिऱ्हाईकाला काय हवं ते बघून घेता येईल. बुटके नको असतील त्यांनी सातवं, नववं आणि..."

"बाबा!" तिचा आवाज फाटला. "ज्याचं आतलं माहीत आहे ते खोकं कोण फोडेल? उद्या बारा माणसं येणारेत ती हे न बघण्यासाठी! दुसरा खोका मागवला तर आठ दिवस लागतात!"

दाजींनी चष्मा काढला. मग तिने तळाचं लेबल पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे वळली. "आणि हे अक्षर कोणाचं आहे ते मला विचारावंही लागत नाही."

मी पाटीकडे बघत राहिलो. मनात कुढू नये.

ताई डबा न्यायला आली आणि तिला सगळं कळलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वा! दोन म्हातारे मिळून अक्कल एक, आणि तीही आज घरीच विसरून आलात! अहो, पोरगी लक्ष द्या म्हणाली होती, शस्त्रक्रिया करा म्हणाली नव्हती!"

"मी तिच्यासाठीच केलं," दाजी म्हणाले. इतक्या हळू की ताईचेही हात कमरेवरून खाली आले. "सोमवारी मला म्हणता यावं म्हणून. बघितल्याशिवाय म्हणता येत नाही मला."

भाची नाक पुसून उठली. लेबल नखाने काढून बघितलं, तर दाजींचा गोंद. लेबलाबरोबर पुठ्ठा सुटू लागला. शेवटी तिने दाजींच्या बाजूचा तपकिरी कागद घेतला, ज्यात खिळे बांधतात तो, आणि ताईने व तिने मिळून चोवीसही खोकी त्यात बांधून टाकली. बांधता बांधता इतकी उलटीपालटी केली की कोणतं कोणतं, ते देवालाही सांगता आलं नसतं. दाजींना मात्र हात लावायची बंदी. ते हातात घेताच ओळखतील, अशी भीती. एक्केचाळीस वर्षं वजन केलेला हात आहे तो.

"उद्या मी त्यांना खरं सांगणार," भाची म्हणाली. "उठून गेले तर गेले."

शनिवारी बाराही आले. टेबलांवर नकाशे मांडलेले, फासे ठेवलेले, आणि मध्ये तपकिरी पुड्यांचा ढीग. भाचीने उभं राहून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, माझं अक्षरसुद्धा.

मोटारवाले मास्तर म्हणाले, "सील तुटलेलं आहे. मग यातलं चांगलं चांगलं काढून घेतलं नाही कशावरून? राग मानू नका, विचारलेलं बरं."

दाजी उजवीकडे उभे होते. त्यांच्या हातात सवयीने एक नट-बोल्ट होता, तो फिरायचा थांबला. असला प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलाच नव्हता.

उत्तर दंतवैद्यांनी दिलं. "यांनी? अहो, मागे माझ्या पुडीत यांचा एक वॉशर कमी गेला होता. तो द्यायला हे दवाखान्यात आले. मी एका बाईंच्या तोंडात हात घालून बसलेलो. हे म्हणाले, थांबतो. त्या बाईंचं तोंड उघडं, माझा हात आत, आणि हे समोर वॉशर धरून उभे! बाई घाबरल्या, त्यांना वाटलं तो वॉशर आता त्यांच्याच तोंडात बसवणार!"

हसण्याचा असा गडगडाट त्या दुकानात कधी झाला नव्हता. मोटारवाले मास्तरही हसले. कोणीतरी म्हणालं, "कारखान्याचं सील तुटलं असेल, पण दाजी तर शाबूत आहेत ना? वाटा!"

ताईने पुड्या वाटल्या. तिच्या हाताला वजन कळत नाही, हे ती अभिमानाने सांगत होती. भाचीने तीन म्हणताच कागद फाटू लागले.

आणि तेव्हा मला दाजींचा चेहरा दिसला. त्यांना ठाऊक होतं की ड्रॅगन आहे. त्याच्या पंखाखालून त्यांनी स्वतः बोट फिरवलं होतं. पण तो कोणत्या पुडीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. या दुकानात असलेली एखादी वस्तू नेमकी कुठे आहे हे दाजींना माहीत नसण्याची ती पहिलीच वेळ असावी. ते चवड्यांवर उभे राहिले. मग दोन पावलं डावीकडे सरकले. मग आणखी दोन. पहिलं खोकं उघडलं, त्यात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. "कोणाकडे आहे?" ते मला म्हणाले. "अहो कारकून, कोणाकडे आहे?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

"आला!" शिंपीणबाई ओरडल्या. सहा महिन्यांत ऐकलेला त्यांचा पहिला शब्द, आणि तोही असा की रस्त्यावरच्या सायकलवाल्याने ब्रेक मारला. लाल ड्रॅगन त्यांच्या तळहातावर होता. दाजींनी टाळी वाजवली. मग आपण टाळी वाजवली हे लक्षात येऊन हात मागे बांधले.

एवढ्यात दंतवैद्यांच्या टेबलाभोवती सगळे गोळा झाले. त्यांनी खोक्यातून एक पितळी वस्तू काढून नकाशावर उभी केली होती. दोन कान वर, मध्ये भोक.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

भाची वाकून बघू लागली. या नटाची गोष्ट तिला आम्ही सांगितलीच नव्हती. कालच्या गोंधळात राहून गेली. ती सावकाश वडिलांकडे वळली.

"त्यात चारच होत्या," दाजी कसेबसे म्हणाले. "कारखान्यातून एक कमी आली होती. कमी माल कसा द्यायचा? लेबलावर लिहिलंय सगळं."

दंतवैद्यांनी खोकं उलटं करून कागद फाडला आणि मोठ्याने वाचलं, "नट, दोन कानांचा, पितळी, एक. वर्तणूक चांगली." मग नट उचलून उजेडात धरला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या तोंडावर हळूहळू जे पसरलं, ते अकराव्या बुटक्याच्या वेळी नव्हतं.

"हा माझ्याकडे नव्हता!" ते म्हणाले.

मोटारवाले मास्तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. खोक्यातून निघालं ते लढलंच पाहिजे. पण याची ताकद किती धरायची?"

सगळे भाचीकडे बघू लागले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. हा कसा आहे?"

दाजी टेबलापाशी आले. मालाविषयी विचारल्यावर ते नेहमी देतात तसं, खरं उत्तर त्यांनी दिलं. "हातानेच आवळायचा असतो. फार जोर लावला तर आटे जातात. पण पितळी आहे. गंजत नाही."

"म्हणजे हल्ला कमजोर," भाची लिहीत म्हणाली, "पण याच्यावर विष आणि शाप चालत नाहीत."

"हे मात्र बरोबर आहे," दाजी म्हणाले.

तो नट चार फेऱ्या टिकला. तीन सांगाडे आणि माझ्या लेबलातला चांगल्या वर्तणुकीचा राक्षस त्याने लोळवले. पाचव्या फेरीत शिंपीणबाईंच्या ड्रॅगनने त्याला जाळलं. दाजी म्हणाले, "पितळ एवढ्याने वितळत नाही." पण फासा पडला होता. दंतवैद्यांनी मेलेला नट पुसून कोटाच्या वरच्या खिशात ठेवला. बुटके असतात त्या खिशात नाही.

रविवारी दुकान बंद होतं. सोमवारी सहा महिने संपले. सकाळपासून कोणी त्याबद्दल बोललं नाही. भाची आपल्या फळ्या पुसत होती. फळ्या उतरवायच्या असल्या तरी पुसून उतरवाव्यात, अशी ती बापाची लेक. दाजी दोनदा खाकरले, दोनदा काही न बोलता खणांकडे वळले. ताई आज डबा घेऊन तासभर आधीच आली आणि उगीच बसून राहिली.

अकराच्या सुमारास एक अनोळखी बाई आल्या. भाची फळ्यांच्या टोकाला होती, म्हणून त्या जवळच्या दाजींकडेच गेल्या. हातात शिल्लक राहिलेल्यांतलं एक बंद खोकं, प्लास्टिक घट्ट. "भाच्यासाठी न्यायचंय," त्या म्हणाल्या. "पण चित्रावरून काही कळत नाही. यात नक्की काय आहे?"

भाचीचं फडकं थांबलं. मी "हो ना" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दाजींनी खोकं हातात घेतलं. मी त्यांचा हात बघत होतो. तो किंचित वर-खाली झाला, वजन घेऊ लागला. मग दाजींनी खोकं पटकन गल्ल्याच्या फळीवर टेकवलं आणि हात काढून घेतला, गरम किटलीवरून काढावा तसा.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"माहीत नाही?"

"नाही." दाजींनी चष्मा काढला नाही. "पण माल चांगला आहे."

ताईने पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. भाची तशीच उभी. बाईंना यातलं काय कळणार? त्या हसून म्हणाल्या, "कमाल आहे! दुकान तुमचं, आणि आत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही?"

"दुकान अर्धंच माझं आहे," दाजी म्हणाले. "ती बाजू तिची." मग खोकं तपकिरी कागदात बांधून त्यांनी बाईंपुढे केलं, पण लगेच सोडलं नाही. "एक विनंती आहे. भाच्याने उघडलं, की काय निघालं ते येऊन सांगाल का?"